पेवाची हवा जाईपर्यंत

मार्च लागला की सांगलीच्या हळदपेठेतल्या माणसाला पिवळा घाम येतो. हे काव्य नाही. हमालाच्या सदऱ्याची बगल बघा, कळेल. नाक शिंकरलं तर रुमाल पिवळा, चहाच्या बशीवर बोटांचे पिवळे ठसे, सिटी बसमध्ये डोक्यावरच्या दांड्याला धरलेले पिवळे तळवे. मी आता साताऱ्याला नोकरी करते. परवा इथल्या बाजारात एका दुकानापुढं टेम्पोतून पोती उतरत होती. एक उसवलं आणि हळकुंडं रस्त्यावर सांडली. तो कोरडा, मातकट, किंचित कडू वास आला आणि मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "काय देऊ ताई?" म्हटलं, काही नको, नुसती उभी आहे.

"मग जरा पलीकडं उभ्या ऱ्हावा. गिऱ्हाईक अडतंय."

मी पलीकडं झाले. पलीकडं चपलांचं दुकान होतं. तिथंही गिऱ्हाईक अडत होतं.

काही विकत न घेता माणसानं शहरात कुठं थांबायचं? हा प्रश्न मला नवा नाही. सांगलीत कॉलेजात होते तेव्हा एका हळदीच्या हंगामात याच प्रश्नावर मी पत्रकं काढली होती, सायक्लोस्टाइलची, हाताला शाई लागणारी. नव्वद साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. केबलची काळी वायर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर नुकतीच चालायला लागली होती आणि संध्याकाळी ओट्यावर बसणारी माणसं एकेक करून आत जात होती.

हरिपूरच्या वाटेवर, कृष्णेच्या अलीकडं, हळदीची पेवं आहेत. ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: जमिनीत खणलेला खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत उसाचा पाला लावून हळद भरतात आणि तोंड दगडमातीनं बंद करतात. वर्षानुवर्षं किडत नाही. पण पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आत कोंडलेली हवा माणूस मारते. तोंड उघडं टाकून तासन्‌तास थांबायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. विझला तर आणखी थांबायचं. जळत राहिला तर माणूस उतरायचा. त्या पेठेत घाई केलेल्या माणसांच्या गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या आणि कुणी मोठ्यानं सांगत नव्हतं.

म्हणजे थांबणं हा तिथं कामाचाच भाग होता. आणि थांबायचं तर सावली हवी. म्हणून पेवांच्या मधोमध कुणा जुन्या व्यापाऱ्यानं पत्र्याची एक लांबलचक शेड बांधून ठेवली होती. शहाबादी फरशी, दोन बाजूंना भिंत, दोन बाजू उघड्या, पुढं एक लोखंडी फाटक. त्या शेडमध्ये सांगलीतली सगळ्यात निवांत दुपार असायची.

हमालांच्या टोळीचा मुकादम गणपा. कवठेमहांकाळकडचा, दोन भाऊ फौजेत, हा एकटा सांगलीत पोती वाहत राहिलेला. पेवाचं झाकण काढलं की तो नदीवरून आणलेला मातीचा गोळा घेऊन बसायचा आणि बैल करायचा. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा पोळा, अजून महिने लांब असायचा. "आत्तापासनं कशाला रं?" असं कुणी म्हटलं तर म्हणायचा, "बेंदराला सगळीच करत्यात. मी माज्यासाटी करतोय." त्याच्या बैलांची शिंगं कधी एकसारखी झाली नाहीत. टोळीतली पोरं म्हणायची, हा बैल न्हवं, हा मारामारी करून आलेला हेडमास्तर हाय. बाकीचे कॅरम खेळायचे. एकजण ट्रान्झिस्टरचं पोट उघडून बसायचा. हळूहळू टोळीबाहेरचेही यायला लागले. सुट्टीवरचा एसटी कंडक्टर यायचा, पेन्शनीतले एक मास्तर बुद्धिबळाचा पट घेऊन यायचे आणि हमालाकडून हरायचे. कुणी कुणाला "काय काम आहे" असं विचारायचं नाही. काम सगळ्यांचं एकच होतं, पेवाची हवा जाऊ देणं.

आणि बायका बाहेर.

हळद निवडणाऱ्या बायकांचंही काम माल वर आल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. थांबायच्या त्याही तेवढ्याच. पण त्या बसायच्या बाभळीखाली, सावली सरकेल तशा सरकत. मी पहिल्यांदा तिथं गेले ते हमालांच्या पाणीप्रश्नावर, आणि हे बघून थेट फाटकात उभी राहून विचारलं, "बायका बाहेर का?"

गणपानं बैलाचं वशिंड दाबत विचार केला. "बायकास्नी कॅरम येतो व्हय?"

"तुम्हाला बैल येतो का? तरी बसलाच आहात ना."

टोळी हसली. गणपाही हसला, पण जागचा हलला नाही. आता खरं कारण मीच लिहिते, कारण तिथं कुणी बोलणार नव्हतं. त्या बायका बायका म्हणून बाहेर होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच बौद्ध वस्तीतल्या होत्या म्हणूनही बाहेर होत्या. पाटी कुठं लावलेली नव्हती. पाटी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई बोचकं घेऊन सरळ आत आल्या. हळद निवडणाऱ्यांतल्या या सगळ्यात जुन्या बाई. कपाळ कोरं, आवाज खणखणीत. कुणाची परवानगी न घेता त्यांनी कोपऱ्यातली फरशी झाडली आणि बोचकं सोडलं. आत जुनेरं होती, विरलेली लुगडी, धोतराची पानं.

"सगुणाबाई, काय मांडलंय?" गणपानं विचारलं.

"वाकळ. लेक पयल्या खेपंला आलीया. माजी खोली एवढीशी, तितं वाकळ मांडली तर मानसं दारात उभी करावी लागतील. विहारात पोरं परीक्षेचा अभ्यास करत्यात. भाईर बसलं तर वाऱ्यानं जुनेरं उडत्यात. मग मांडू कुटं, तुज्या डोक्यावर?"

गणपानं आपले बैल उचलून हातभर पलीकडं ठेवले. झालं. माझ्या पत्रकांनी कुठली क्रांती झाली असेल तर ती त्या हातभर जागेची, आणि ती माझीच होती असंही नाही.

वाकळ शिवायला जमीन लागते, एवढी साधी गोष्ट मला त्या दिवशी कळली. खाली एक धड लुगडं ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर दगड, वर जुनेरं एकावर एक, सगळ्यात वर पुन्हा धड लुगडं. मग चार बायका चार बाजूंनी कडेपासून आत टाके घालत यायच्या. एकदा मांडली की उचलायची नाही. उचलली की आतली जुनेरं सरकतात, सळ पडतो, आणि तो सळ पांघरणाऱ्याच्या पाठीला जन्मभर टोचतो. म्हणून ती संध्याकाळी तशीच पसरलेली राहायची, आणि सकाळी येणारा हमाल चपला हातात घेऊन कडेकडेनं जायचा. कॅरमची सोंगटी वाकळीवर उडाली तर "आवं मावशी, तेवडी सोंगटी" अशी विनंती करावी लागायची. मावशी टाका पुरा करून मगच द्यायच्या.

साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत नकाशावर एक मोकळी जागा आहे. नकाशावरच. प्रत्यक्षात तिथं सोसायटीच्या चेअरमनची वाळू पडलेली असते. उन्हाळ्यात एका हॉलवर छंदवर्गाचा फलक लागतो, फी भरा आणि मुलांना छंद लावून घ्या. बागेत बसावं तर अंधार पडायच्या आत माळी शिट्टी वाजवतो. हॉटेलात चहा संपला की पोऱ्या टेबल पुसायला येतो, दोनदा पुसतो, तिसऱ्यांदा आपल्याच हातावरून फडकं फिरवतो. देवळात बसता येतं, पण तिथंही आपण काहीतरी मागायला आलोय असं धरलं जातं. माणसं घरात टीव्हीपुढं बसतात याबद्दल लेख लिहून नाकं मुरडणाऱ्यांना माझा सरळ प्रश्न आहे: बाहेर बसायला तुम्ही जागा कुठं ठेवली? निवांतपणा हा स्वभावाचा गुण नाही. त्याला फरशी लागते, छप्पर लागतं आणि "उठा" म्हणणारा माणूस नसावा लागतो.

आमच्या शेडमध्ये तो माणूस आला.

शेडचे आणि भोवतालच्या बऱ्याच पेवांचे मालक आप्पा. हळदीचे जुने व्यापारी, पांढरी टोपी, माणूस तसा वाईट नाही, पण फोनवर मुलाशी बोलायला लागल्यापासून त्यांना त्या जागेत गाळे दिसायला लागले होते. एक एसटीडी बूथ, एक व्हिडिओ गेम, दोन भाड्यानं. ते गवंडी घेऊन आले. गवंड्यानं फीत काढली, एक टोक भिंतीला लावलं आणि दुसरं टोक घेऊन चालत निघाला तो वाकळीच्या काठाशी थबकला. त्याचीही आई वाकळी शिवत असणार. त्यानं फीत गुंडाळली.

"कुनाची ही?" आप्पांनी विचारलं.

"माज्या लेकीची," सगुणाबाई म्हणाल्या. उठल्या नाहीत, सुई चालूच.

"शेड रिकामी करायची हाय. भिंती घालायच्या हायत."

"घाला की. पर वाकळीला सळ पडला तर तो तुमच्या भिंतीनं काडून द्या."

हमाल बघत होते, कंडक्टर बघत होता, मास्तरांनी वजीर हवेत धरलेला होता. आप्पा ओशाळले. "बरं, पुरी करा. ही पुरी झाली की शेड रिकामी. तवर मी हितं येनार न्हाई. माजा शब्द. तुमचा?"

"माजा बी."

पेठेत तोंडानं सांगितलेला भाव फिरवत नाहीत. फिरवणाऱ्याच्या पोत्याला दुसऱ्या दिवसापासून कुणी हात लावत नाही. सगळ्यांपुढं दिलेला आप्पांचा शब्द म्हणजे सौदाच. पण आप्पांनी आयुष्यभर वाकळी पांघरल्या होत्या, शिवताना एकही बघितली नव्हती. त्यांना वाटलं, चार दिवसांत उरकेल. मजुरी करणारी बाई वाकळ शिवते ती फक्त थांबण्याच्या वेळात, पेवाचं झाकण काढल्यापासून कंदील जळत वर येईपर्यंत, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. गवंडी दर आठवड्याला येऊन फाटकातून डोकावायचा आणि मान हलवत सायकलवर बसायचा.

मी मात्र खूश. बाहेर सह्या गोळा करत होते, नगरपालिकेत अर्ज दिला होता, "थांबण्याचा हक्क" अशा मथळ्याचं पत्रक काढलं होतं. कंडक्टरनं ते वाचून विचारलं, "म्हंजे बस लेट झाली तर काय हरकत न्हाई न्हवं?" मी सगुणाबाईंना म्हटलं, "मावशी, हळू शिवा. रोज बोटभर. पावसाळ्यापर्यंत ओढू. तोवर अर्जाचं काहीतरी होईल."

"मुद्दाम हळू?" त्यांनी दोरा दातानं तोडला. "हात तसा चालत न्हाई पोरी. अन् लेकीचे दिवस भरत आल्यात. बाळ काय तुज्या अर्जाची वाट बगतंय व्हय?"

"मग जरा उसवा आणि परत घाला."

"ते काम न्हवं, नाटक हाय. मला न्हाई जमायचं."

"अहो, पण त्यांच्याकडं पेवं आहेत, पेढी आहे. तुमच्याकडं फक्त ही फरशी. त्यांचा शब्द आणि तुमचा शब्द एका तागडीत कशाला तोलता?"

त्यांनी हातातला टाका पुरा केला. मग म्हणाल्या, "त्येंनी शब्द मोडला तर पेठ त्येंना इचारंल. मी मोडला तर परत मला कुनी इचारनारच न्हाई. बाईचा शब्द कशाला घ्यायचा, म्हनतील. अन् मी तर आमच्या वस्तीतली. म्हनायला तर टपूनच बसल्यात."

मला राग आला. आजही येतो. त्यांचं चुकलं म्हणून नाही, त्यांचं बरोबर होतं म्हणून. ज्याच्याकडं जागा आहे त्याला शब्द मोडायची चैन परवडते, आणि जिच्याकडं नाही तिला परवडत नाही. यावर मी आणखी एक पत्रक लिहू शकले असते. लिहिलंही. शाई पुसट आली.

त्या दिवसांतलं मला काय आठवतं? पत्रा तापून टक्‌ टक्‌ वाजायचा. पेवाच्या तोंडातून एक उबट, आंबूस वास शेडपर्यंत यायचा आणि दुपार कलेल तसा विरत जायचा. त्या वासावरून किती वेळ गेला ते कळायचं. कॅरमच्या पावडरीत आणि हळदीच्या धुळीत सगळ्यांच्या पापण्या रंगलेल्या. बायकांनी चारी बाजूंनी टाके घालत आणलेले चौकोन लहान लहान होत मधोमध येत होते. गणपाचे बैल वाकळीच्या काठानं ओळीत वाळत ठेवलेले. सुरुवातीला गप्प बसणारे हमाल आता बायकांशी भांडायला लागले होते, म्हणजे ओळख झाली होती. "हिरवा तुकडा तिरका गेला बगा," एकजण म्हणाला. सगुणाबाई म्हणाल्या, "तुजं पोतं सरळ जातंय का आदी बग." परीक्षेची पोरंही विहारातून उठून येऊन भिंतीला टेकून वाचायची. इतक्या गलक्यात त्यांचा अभ्यास कसा होतो, असं मास्तरांनी विचारलं. एक म्हणाला, "घरी टीव्ही बोलतो सर. तो आपलं ऐकत न्हाई. हितली मानसं गप म्हटलं की गप बसत्यात." मास्तर त्यानंतर चाल करताना पुटपुटायचे बंद झाले.

एके दुपारी शेवटचा चौकोन उरला. बाकीच्या बायका उठल्या आणि सगुणाबाई एकट्या वाकळीच्या मधोमध बसून शिवत राहिल्या. कॅरम थांबला. त्यांनी गाठ मारली, दोरा तोडला, चौघींनी चार टोकं धरून वाकळ झटकली आणि सगळे खोकायला लागले. वाकळ होती तिथं फरशी काळीभोर, बाकीची पिवळी.

"झाली?" गणपा म्हणाला.

"झाली. आप्पास्नी निरोप दे."

मी म्हटलं, "निरोप द्यायची काय गरज आहे? कळेल तेव्हा कळेल."

सगुणाबाई वाकळ डोक्यावर घेऊन घरी लेकीकडं गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला कुलूप होतं.

मी मोर्चा काढायचा ठरवला. कॉलेजात परीक्षा चालू, मोर्च्याला सहाजण. आम्ही फलक रंगवत होतो तेव्हा तिकडं आप्पांच्या एका पेवाचा सौदा ठरला होता. बाहेरगावचा व्यापारी पेढीवर येऊन बसलेला, ट्रक उभा. गणपानं टोळी आणून पेवाचं झाकण काढलं. मग उन्हात इकडंतिकडं बघितलं, कॅरमचा बोर्ड काखेत मारला, बैलांची पाटी डोक्यावर घेतली आणि सगळी टोळी घेऊन रस्ता ओलांडून आप्पांच्या पेढीवर चढला. मी धावत पोचले तेव्हा पांढऱ्या गादीवर कॅरम मांडला होता.

"काय रं गणपा, हे काय?"

"काय न्हाई आप्पा. पेव उघडलंय. हवा जाऊस्तवर थांबतोय."

"हितं?"

"ऊन लय हाय. सावली दुसरीकडं कुटं हाय? शेडला कुलूप हाय न्हवं."

"ह्यो संप हाय व्हय रं?"

"आवं, संप कसला? काम चालूच हाय की. थांबायचं काम." त्यानं ओल्या मातीचा गोळा गादीच्या कडेला ठेवला. पाहुणा व्यापारी पाय आखडून बसला.

तेवढ्यात बायका आल्या. मी बोलावल्या नव्हत्या. माल वर येईपर्यंत त्यांनाही थांबायचंच होतं. सगुणाबाईंच्या वाकळीला समोरच्या बाजूनं टाके घालणाऱ्या बाईनं पेढीवर येऊन बोचकं सोडलं, एक धड लुगडं गादीवरून ताणलं आणि म्हणाली, "आप्पा, जरा पाय वर घ्या की. कोपरा बसंना झालाय."

आप्पांनी पाय वर घेतले. सवयीनं घेतले असतील. मग लुगड्याकडं बघितलं, पाहुण्याकडं बघितलं, फोन वाजत होता तो उचलला नाही. माझ्या पिशवीतली पत्रकं पिशवीतच राहिली. आजही माझं म्हणणं आहे की पत्रक काढायलाच हवं, पण त्या पेढीवर वाटायला जागाच नव्हती.

आप्पांनी गल्ल्यातून किल्ली काढून गणपापुढं टाकली. "घे. पर हमालांपुरती. बायकांची जत्रा नको तितं."

गाळे झाले की नाही, असं लोक मला विचारतात. मी सांगली सोडली तोवर झाले नव्हते. पुढचं माहीत नाही, आणि विचारायला जायचं धाडस मी केलेलं नाही.

त्या दुपारी मात्र आम्ही सगळे परत शेडवर आलो. गणपानं कुलूप काढलं, फाटक ढकललं. हमाल आत गेले. बायका फाटकापाशी थांबल्या. सगुणाबाईही आल्या होत्या. लेकीला मुलगा झाला होता आणि तो वाकळीवर झोपला होता. आप्पांचे शब्द सगळ्यांनी ऐकले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात सगुणाबाईंनी माझं मनगट धरलं.

गणपा आतून ओरडला, "या की आत. उन्हात काय उभ्या ऱ्हायलायसा?"

"या म्हनतोस खरं," सगुणाबाई बाहेरूनच म्हणाल्या. "उद्या म्हनशील उठा. आप्पानं किल्ली तुला दिलीया. कुनाची हाय ही जागा, ते सांग आदी."

गणपानं किल्लीकडं बघितलं, मग बाहेर पेवाच्या उघड्या तोंडाकडं. त्याच्यावरची हवा अजून उन्हात थरथरत होती.

"जो थांबंल त्येची," तो म्हणाला.

"मग ती बिड्यांची थोटकं उचल. आमाला खाली बसायचंय."

गणपा वाकला आणि उचलायला लागला.